बशी क्रमांक एकोणचाळीस

माती मुंढव्याची, नदीकाठच्या वाफ्यातली.
हौसाबाई तुपेंनी टोमॅटोचं रोप उपटून दाखवलं होतं,
मुळांना गाठी, हरभऱ्याएवढ्या.
"ह्यात किडं असत्यात म्हणं.
मंग त्यास्नी खाणारं बी ह्याच मातीत असंल की."
होतं.
डब्याच्या पिशवीतून, दोन बस बदलून,
मी ते पाषाणला आणलं.

पोट भरलेलं असलं की ही बुरशी कुणाच्या अध्यात ना मध्यात.
पांढरे धागे, ओल्या भिंतीवर लोणा चढावा तसे
सावकाश पसरत जातात.
उपाशी ठेवली आणि वर सूत्रकृमी सोडले
की एका रात्रीत धागे वळतात,
स्वतःलाच येऊन जुळतात,
वेटोळी होतात. वेटोळ्यांना चिकटा.

सूत्रकृमी एकमेकांशी वासाने बोलतात.
मी इथे आहे. आपण फार झालो. इथलं खाणं संपलं.
घरगुती बोलणं सगळं.
बुरशी ते भिंतीला कान लावून ऐकते
आणि फास विणायला घेते.
हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री
वसतिगृहाच्या गॅलरीत आईशी फोनवर बोलताना
मी उगाच आवाज खाली केला होता.

पण "आता" कोण म्हणतं?
जनुकं सगळी प्रत्येक पेशीत असतात,
एका जुडग्यात साऱ्या घराच्या किल्ल्या,
कुठली कधी फिरवायची ते
जुडग्यावर लिहिलेलं नसतं.
आम्ही एक निवडलं. त्याला नाव नाही, आकडा आहे.
आसीम बागवान म्हणाला,
हे काढलंस की फास बंद. लाव एक ऑम्लेट-पाव.

ते कापायला सव्वा वर्ष लागलं.
कितीतरी गुरुवार वाया गेले:
गुरुवारी वीज जायची, जनरेटर नुसता खोकायचा,
मे महिन्यात इन्क्युबेटर चढायचा चौतीसवर
आणि बशा बाद.
जेलवर पट्टी दिसली त्या दिवशी
मी कुणाला सांगितलं नाही, चहाला गेले,
चहा अर्धा टाकून परत आले, पट्टी तिथेच होती.

मग बशी क्रमांक एकोणचाळीस.
भरपूर खाणं घातलेली, वर एकही किडा नाही,
तुलनेपुरती ठेवलेली. मी खरं तर फेकायलाच निघाले होते.
भिंगाखाली धरली
आणि काठापासून काठापर्यंत फास.
एकात एक, एकावर एक.
भूक नसताना. सावज नसताना.
कुणी कुणाशी काहीही बोललेलं नसताना.

आम्ही "आता" शोधत होतो,
आणि कापलं गेलं होतं "थांब".

वाढ निम्मी. बीजाणू जवळजवळ नाहीतच.
असेल नसेल ते सगळं विणण्यात गेलेलं.
सर म्हणाले, उत्तम, अजून तीनदा कर.
पैज कोण हरलं ते ठरेना,
ऑम्लेट-पाव अजून बाकी आहे.

पुढच्या खेपेला मुंढव्यात
वाफ्याच्या कडेने झेंडू लावलेला होता.
मी सांगितलं त्यातलं हौसाबाईंनी निम्मंच ऐकलं,
पाइप दुसऱ्या सरीत टाकत म्हणाल्या,
"आवरतं घ्यायला बी अंगात काय तरी लागतंय, बाई."

शुक्रवारी बशा ऑटोक्लेव्हला जातात.
रात्री साडेनऊला प्रयोगशाळेत मी एकटी,
एकोणचाळीसचं झाकण उघडं.
इतका पसारा मांडलेला आणि यायला कुणी नाही,
हे बघवेना.
शेजारच्या बशीतून तारेच्या टोकावर
मी एक सूत्रकृमी उचलला.
मान वळवत होता, आठाचा आकडा काढत.
हात काठापर्यंत गेला
आणि थांबला. का, ते मला सांगता येणार नाही.

मग सवयीने तार ज्योतीत धरली.
लाल होऊन निवू लागल्यावर आठवलं,
टोकावर तो होता.